वरच्या खोलीतला ‘अड्डा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्याकडे भाड्यानं खोली घेऊन रॅप गाणी रेकॉर्ड करणाऱ्या, स्वतःचं छोटं लेबल (गाणी काढणारी कंपनी) चालवणाऱ्या मुलांवर टीका करणारा कालच्या अंकातला ‘तळघरातला गोंगाट’ हा लेख वाचला. आधी दुरुस्ती: तळघर नाही, माझ्या घराचा दुसरा मजला. आमच्या गल्लीत तळघर कुणाकडेच नाही. लेखकमहाशय खरंच आले असते तर जिना चढून दम लागला असता आणि एवढं तरी लक्षात राहिलं असतं. सोबतचा फोटो कुठल्याशा लग्नातल्या डीजेचा आहे. या मुलांकडे एक लॅपटॉप, एक माइक आणि दोन हेडफोन, त्यातला एक चिकटपट्टीवर तगून आहे.

‘बेकार पोरांचा अड्डा’ म्हणे! भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला हातात पडतं. लेबल चालवणारा मुलगा दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो, रॅप करणारी मुलगी नर्सिंग शिकते. सुरुवातीला आवाजाचा त्रास झाला, कबूल. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. त्यानं खोलीतला घुमारा जरा कमी होतो, आवाज बाहेर जायचा काही थांबत नाही, हे मी दीड महिना खाली झोपून शिकले. शेवटी मीच सासूबाईंच्या चार जुन्या गोधड्या दिल्या, दारा-खिडकीवर टांगायला. आता रात्री फक्त माझा पंखा ऐकू येतो.

गाणं मला कळतं असं म्हणणार नाही. दोन ओळी इंदुरी हिंदीत, मध्येच मराठी, दर कडव्यात एक ‘भिया’, म्हणजे आपल्या इंदूरचा ‘भाऊ’. शिवी तोंडातून गेली आणि मी जिन्यात दिसले की मुलगी जीभ चावते. चावू दे. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छाती धडधडते, तेव्हा आपण रंगीत पान काढता. तेव्हा ‘गोंगाट’ हा शब्द कुठं जातो?

खरा राग आला तो ‘कोवळ्या मुलांना करारात अडकवतात’ या वाक्याचा. मी बत्तीस वर्षं बँकेत कर्जाची कागदपत्रं वाचली. अडकणं म्हणजे काय ते मात्र घरातच पाहिलं. 1986 साली आमच्या ह्यांची आठ भावगीतं एका कंपनीनं कॅसेटवर काढली. सहा हजार आम्हीच भरले, वादकांची बिदागी वेगळी. दोनशे कॅसेटी आल्या, कव्हरवर आडनावातलं शेवटचं अक्षर गायब. मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, परत मागितली तर उत्तर आलं, करार पाहावा. पाहिला. चौथ्या कलमात सगळं कायमचं देऊन टाकलेलं. खाली सही ह्यांची आणि साक्षीदार कोण, तर मी. बँकेतली! ती टेप भंगारात गेली की आणखी कुठं, देव जाणे. घरातली कॅसेट लावली की आता नुसती खरखर येते.

म्हणून वरच्या मुलांचा कागद मी चष्मा लावून दोनदा वाचला. दोन पानं, हिंदीत. मास्टर गाणाऱ्याचाच, लेबलला पाच वर्षांपुरता परवाना, खर्च वजा जाता निम्मं-निम्मं. एक ओळ मी घालायला लावली: मुदत संपल्यावर सगळ्या फाइली तीस दिवसांत परत. आता निम्मं म्हणजे किती तेही ऐका. वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून दमडी देत नाही. मुलीच्या वाट्याला गेल्या वर्षी 212 रुपये आले. एवढ्यासाठी कोण कुणाला अडकवायला बसलंय?

आणि शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचं नाव घेऊन या मुलांना लाजवायची काही गरज नव्हती. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, ती रेकॉर्ड आमच्याही घरात होती. पण कंपनीनं काढल्या त्या मोजक्याच. आज लोक खाँसाहेबांना तासन्‌तास ऐकतात, ते रसिकांनी घरगुती बैठकींत आपापल्या मशीनवर टेप करून ठेवलं म्हणून. त्या घरांना कुणी अड्डा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

लेखकमहाशयांनी एकदा यावं. जिना अरुंद आहे, सांभाळून. चहा मिळेल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, रामबाग, इंदूर

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याखाली सलग तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच कोड्याचं उत्तर छापलं आहे. याचं काय करायचं?