लघवीतले रक्त, स्त्रिया आणि आतड्यातले जीवाणू

महोदय,

आतड्यातल्या जीवाणूंचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो, या संशोधनाविषयी वर्तमानपत्रांत आता लिहून येऊ लागले आहे. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी लघवीचे नमुने पाहण्यात गेली. म्हणूनच याची एक बाजू मांडावीशी वाटते.

हा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांना तीन ते चार पट अधिक होतो. तंबाखूचा धूर आणि रंग कारखान्यांतली रसायने ही त्याची जुनी, सिद्ध झालेली कारणे. पण धूम्रपानाचा हिशेब बाजूला काढला तरी फरक उरतोच. 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात क्रोएशियातल्या स्प्लिट आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. धुरातल्या घटकांशी साधर्म्य असलेले बीबीएन हे रसायन त्यांनी उंदरांना दिले. आतड्यातले जीवाणू शाबूत असलेल्या सुमारे 90 टक्के उंदरांना मूत्राशयात गाठी झाल्या. अँटिबायोटिक देऊन जीवाणू मारलेल्या उंदरांत हे प्रमाण जेमतेम 10 टक्के होते. त्या रसायनाचे घातक रूप जीवाणूच तयार करत होते आणि ते लघवीवाटे मूत्राशयात साठत होते.

आतड्यातले जीवाणू नर-मादीत सारखे नसतात. 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या प्रयोगात नर उंदरांचे जीवाणू कोवळ्या माद्यांना दिल्यावर त्या माद्यांचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वाढले होते. त्यामुळे पुरुषांना हा रोग अधिक का होतो याचे थोडे उत्तर आतड्यातही असू शकेल, आणि ते शोधायलाच हवे. अर्थात एकटे जीवाणू पुरेसे नाहीत. पुरुषांच्या गाठीच्या पेशींतून वाय हे पुरुषांतच असणारे गुणसूत्र गळाले की रोग अधिक आक्रमक होतो, हे 2023 मध्ये दिसले आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. उंदरांना ज्या अँटिबायोटिकने वाचवले, तेच स्त्रियांच्या बाबतीत निदान लांबवते. माझ्या थोरल्या बहिणीला लघवी लाल होऊ लागली. जळजळ नाही, ताप नाही. ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला गेला. रक्त आपोआप थांबले, तर गोळ्यांनी गुण आला असा समज झाला. पुन्हा रक्त, पुन्हा गोळ्या. मूत्राशयाच्या गाठीतून रक्त असेच येते-जाते. शेवटी दुर्बिणीने तपासले तेव्हा गाठ स्नायूपर्यंत उतरली होती.

तिच्या लघवीच्या तळाशी बसणारा साका मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. संसर्ग असला की काचेवर पांढऱ्या पेशींची गर्दी असते, मध्ये जीवाणू वळवळताना दिसतात. इथे तांबड्या पेशींनी अख्खे क्षेत्र भरलेले, पांढऱ्या पेशी एक-दोनच, आणि कल्चरमध्ये, म्हणजे जीवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच उगवले नाही. अहवालात हे सगळे लिहिलेले होते. वाचले कुणी नाही. पुरुषाचा असा अहवाल आला असता तर त्याला थेट मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवले असते, असे मी अनेकदा पाहिले आहे. स्त्रियांमध्ये हा रोग कमी, पण तो पुढच्या टप्प्यावर सापडतो आणि त्यातून वाचण्याचे प्रमाणही पुरुषांपेक्षा कमी, यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून या संशोधनाच्या बातमीत दोन गोष्टी ठळक याव्यात. एक, उंदरांवरचा निष्कर्ष वाचून कुणीही मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. तिथे रसायन आणि औषध दोन्ही मोजून-मापून दिले होते. दुसरी, ‘पुरुषांचा रोग’ असा मथळा देऊ नये. बाईच्या लघवीत डोळ्यांना दिसेल असे रक्त आले, कल्चर निरंक असले किंवा कोर्सनंतरही रक्त परत आले, तर पुढची चिठ्ठी गोळ्यांची नको, दुर्बिणीच्या तपासणीची हवी. आणि संशोधकांनी नर-मादी दोन्ही उंदरांचे आकडे वेगवेगळे द्यावेत. एकत्र सरासरीत आम्ही बायका दिसतच नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ