पक्याचं पत्र, अमेरिकेतल्या फोर्ट स्मिथहून

प्रिय सुध्या,

मी बरा आहे, शुगर जिथल्या तिथे. आता ऐक. मला ज्युरीचं बोलावणं आलंय. हसू नकोस. रमीत पान टाकायला ज्याला अर्धा तास लागतो, त्याने माणूस दोषी की निर्दोष ते सांगायचं! बायको म्हणते, नागरिकत्व घेतलंस ना, मग भोग आता. ऑफिसातले म्हणतात, बहुतेकांना दुपारीच घरी धाडतात. पण या आर्कान्सा राज्यात मृत्युदंड अजून आहे रे.

त्यात गाव हे असलं. ओसेज आणि चेरोकी या आदिवासी जमातींमधल्या लढाया थांबवायला १८१७ साली लष्कराने इथे नदीकाठी ठाणं बसवलं. १८७१ ला लष्कर गेलं आणि रिकाम्या बराकीत केंद्राचं कोर्ट आलं. पलीकडच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, आदिवासींची स्वतःची कोर्टं होती, पण गोऱ्या गुन्हेगाराला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. ती सगळी वरात इथे यायची. वर खटला, खाली तळघरात तुरुंग. रविवारी उतरून पाहिलं. दोन खोल्या, बुटकं छत, झोपायला दगडी फरशी, आणि लघवीच्या बादल्या जुन्या शेकोटीच्या कोनाड्यात. बाहेर फाशीचा तख्ता नव्याने उभारलाय; पोरं त्याच्यापुढे फोटो काढतात.

न्यायाधीश आयझॅक पार्कर १८७५ ला आला तेव्हा छत्तीस वर्षांचा. एकवीस वर्षांत १६० जणांना फाशी सुनावली, त्यातले ७९ लटकले. १८८९ पर्यंत अपील नाही, राष्ट्राध्यक्षांची दया तेवढी. 'हँगिंग जज' म्हणून तोच बदनाम. पण खुनाला कायद्यात दुसरी शिक्षाच नव्हती, म्हणजे बारा जणांनी 'दोषी' म्हटलं की त्याच्याही हातात काही उरत नसे. त्या बारांना कोण शिव्या घालतं? कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. निकाल देऊन घरी गेले, जेवले, आणि सकाळी दुकान उघडलं. मला भीती 'दोषी' म्हणता येणार नाही याची नाही, सुध्या. सहज म्हणता येईल, याची आहे.

तू म्हणशील, म्हणूनच आपल्याकडे ज्युरी गेली ते बरं झालं, आणि नानावटीचा खटला काढशील. काढ. कॉलेजात फाशीच्या बाजूने बोलून तू कप नेलास, तेव्हाही तुझा मुद्दा चुकीचाच होता. परीक्षक तुझ्या मामांचे मित्र होते, एवढंच.

पण आता तू सरकारी वकील आहेस, म्हणून विचारतो. आरोपीला जन्मठेप लागली की त्या संध्याकाळी तू काय करतोस? कलमं नकोत. घरी येतोस, चहा घेतोस, मग? वहिनींना सांगतोस?

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? चिन्मयचं ठरलं म्हणे, अभिनंदन. तारीख कळव, तिकिटं महागायच्या आत. बापटला माझा नंबर देऊ नकोस, त्याला पुन्हा विमा विकायचाय.

पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. त्याआधी फोन कर, तुझ्या रात्री, माझ्या सकाळी.

तुझा,
पक्या