बेसमेंट खणताना झाडासाठी थोडी माती सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या कोथरूडमध्ये सध्या गल्लोगल्ली रीडेव्हलपमेंट चालू आहे. पत्रे लागले की थोड्या दिवसात आतल्या झाडांवर महापालिकेचा कागद चिकटवलेला दिसतो, हे झाड तोडायला हरकत असेल तर सात दिवसांत कळवा म्हणून. मी वाचते तो कागद दरवेळी. पण आज लिहितेय ते अशा झाडाबद्दल, ज्याच्यावर कागद लागलाच नाही.

आमच्या सोसायटीच्या कंपाऊंडला लागून एक बकुळ आहे, आमच्याच बाजूला. शेजारच्या प्लॉटवर दोन लेव्हलचं पार्किंग करायला भिंतीच्या अगदी जवळपर्यंत खणलं आणि बकुळीची त्या बाजूची सगळी मुळं जेसीबीने तोडली. मी गच्चीवरून बघत होते, मनगटाएवढी जाड मुळं, तुटलेली टोकं ओली, खाली पंधरा-वीस फूट खड्डा. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला, आता अर्धं झाड नुसतं काटक्या आहे. कागदोपत्री मात्र तिथे एकही झाड तुटलेलं नाही!

१९७५ चा आपल्या राज्याचा झाडांचा कायदा २०२१ मध्ये बराच कडक केला, ते चांगलंच झालं. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड हेरिटेज धरायचं, झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, ती सहा ते आठ फुटांची हवीत, जिओटॅगिंग करायचं, म्हणजे प्रत्येक झाडाची नेमकी जागा नोंदवायची, आणि सात वर्षं सांभाळायची. पण मला सांगा, चाळीस वर्षांचा आंबा तोडला तर चाळीस झाडं लावायची कुठे, जर प्लॉटखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत स्लॅबच असेल तर? मग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, दोन फूट माती टाकतात, त्यात पाम लावतात, खाली लॉन, आणि ब्रोशरमध्ये त्याला लँडस्केप गार्डन म्हणतात. तिथे वड-पिंपळ सोडाच, साधा कडुनिंब पण धड वाढणार नाही, मुळं जाणार कुठे? आणि पावसाचं पाणीही जमिनीत न मुरता सरळ ड्रेनेजमध्ये जातं.

मुंबईच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच सांगितलंय की नियमातली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. त्याच वर्षी हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

मुंबई सोडून बहुतेक राज्यात २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात बदलही होत असतात, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि पार्किंगचे तर किती झाले. आता एक बदल झाडांसाठी करा. प्रत्येक प्लॉटवर, लहान असला तरी, ठरावीक टक्के जागा अशी ठेवा जिच्याखाली बेसमेंट नाही, टाकी नाही, वर पेव्हर ब्लॉक नाही. आणि ती शक्यतो जुनी झाडं आहेत तिथेच धरायची, म्हणजे आर्किटेक्ट आधी झाडं बघेल आणि मग बिल्डिंग बसवेल, आत्ता उलटं होतं. खोदाईची परवानगी देताना शेजारच्या प्लॉटवरची झाडंसुद्धा नकाशात दाखवायला लावा आणि त्यांच्या मुळांपासून किती अंतर सोडायचं ते लिहून द्या. बिल्डिंग पूर्ण झाल्यावर राहायला परवानगी देणारं भोगवटा पत्र देताना नुसती रोपं मोजून जाऊ नका, माती किती खोल आहे तेही बघा, एक पहार घेऊन गेलं तरी कळतं.

आमच्या बिल्डिंगचा पण रीडेव्हलपमेंटचा ठराव येणार आहे. मलाही लिफ्ट हवीये, गुडघे दुखतात, त्यामुळे मी विरोध करणार नाही. पण मागच्या बाजूच्या दोन आंब्यांखाली खणायचं नाही हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या असं मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर उत्तर मिळालं की काकू, नियमात तसं कुठे आहे?

तेवढं नियमात यावं म्हणून हे पत्र.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे