घरकाम करणाऱ्या महिलांचे आधार कार्ड ग्रुपवर कशासाठी?

संपादक महोदय,

सांगलीत विश्रामबाग परिसरातील काही गृहसंकुलांत धुणी-भांडी व स्वयंपाक करणाऱ्या महिलांचे छायाचित्र, मोबाइल क्रमांक आणि आधार कार्ड सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची पद्धत रूढ होत आहे. आमच्या भागात एका महिलेने पगारवाढ मागितली आणि ती न मिळाल्याने काम सोडले, तर त्याच संध्याकाळी ‘हिला कोणीही कामावर ठेवू नये’ अशा मजकुरासह तिचे आधार कार्ड आजूबाजूच्या ग्रुपवर फिरू लागले. चोरीचा आरोप नाही, पोलिसांत तक्रार नाही, तरीही तिची उरलेली दोन घरे सुटली. ती त्या ग्रुपमध्ये नसल्यामुळे तिला आपली बाजू मांडण्याचीही सोय नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. आधार कायदा, 2016 च्या कलम 29 नुसार कोणाचाही आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करता येत नाही, आणि शे-दीडशे लोकांच्या ग्रुपला खासगी म्हणणे मला तरी पटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे, आणि त्या सवलतीकडेच अनेक जण बोट दाखवतात. परंतु स्वतःच्या फोनमध्ये मावशींचा क्रमांक ठेवणे वेगळे आणि सोसायटीने सर्व कामगारांची कागदपत्रे गोळा करून वाटणे वेगळे. सोसायटी ही कुटुंब नव्हे, संस्था आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. कायद्याला मुक्त आणि माहितीपूर्ण संमती अभिप्रेत आहे. ‘कागद दिला नाहीस तर गेटमधून आत सोडणार नाही’ असे सांगून घेतलेला होकार त्यात बसत नाही.

सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. त्यासाठी पोलीस पडताळणीची सोय आहे आणि संशय असल्यास पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. तेथे निदान दोन्ही बाजू ऐकून चौकशी होण्याची शक्यता असते. बदनामीविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आहे, पण रोजचे काम बुडवून न्यायालयाच्या खेपा घालणे या महिलांना परवडणारे नाही. म्हणूनच जबाबदारी प्रथम आपल्याकडे, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्यांकडे येते.

ज्या राज्याने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याच्या कामगार विभागाने आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांनी याबाबत सोसायट्यांना स्पष्ट सूचना द्याव्यात, तसेच कार्यकारिणींनी ग्रुपवरील अशी जुनी कागदपत्रे तातडीने काढून टाकावीत, ही विनंती.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली