ऑपरेशनआधीचा फॉर्म

प्रिय बंड्या,

तुझं पत्र ईसीजीसारखं वाचून काढलं. अक्षर अजून तसंच. उत्तराला फार उशीर झाला. गुडघा बरा आहे, बीपी गोळीवर आहे, तो विषय संपला.

आज तुलाच सांगायचं असं झालंय. पीएसीला, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीला, एक मावशी आल्या होत्या. मोतीबिंदू, भूल डोळ्यापुरतीच. दोन जिने न थांबता चढतात. पण कुणीतरी आधीच रक्ताचं पूर्ण प्रोफाइल करायला लावलेलं आणि त्यात एसजीपीटी, ती यकृताची टेस्ट, जरासं वर. मग ते पुन्हा, मग सोनोग्राफी, ऑपरेशन दोनदा पुढे. निघालं काहीच नाही. मधल्या काळात अंधुक नजरेनं त्या पडल्या, मनगट मोडलं.

तू म्हणायचास, "जास्तीची टेस्ट कुणाला मारत नाही." आठवतं, मेसच्या बिलामागे मी गणित मांडलं होतं? नॉर्मलची रेंजच अशी ठरवतात की 100 निरोगी माणसांतली 5 बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बिघडलेला दिसण्याची शक्यता 64 टक्के. तू ते बिल मॅडमना दाखवलंस, तो राग अजून आहे! मोतीबिंदूचा 2000 सालचा अभ्यासही तुला वाचायला दिला होता. 19 हजारांवर ऑपरेशनं, निम्म्यांना नेहमीच्या टेस्ट, निम्म्यांना नाहीत. त्रास दोन्हीकडे सारखाच, हजारी 31.

टेस्ट नकोतच असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो. मधुमेहाच्या पेशंटचं तीन महिन्यांत एचबीएवनसी (साखरेची सरासरी) झालं नसेल तर करायलाच हवं. वॉरफेरिनवाल्याचा, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याचा, आयएनआर हवा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते कळायला. हृदयात मर्मर, म्हणजे जादा आवाज, ऐकू येतोय आणि दम लागतोय, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. पण दात काढल्यावर रक्त किती वेळ थांबलं नव्हतं, हे आधी विचारायला नको का? आमची शिकाऊ डॉक्टर पोरं विचारण्याआधीच फॉर्मवरच्या सगळ्या टेस्टच्या चौकोनांत खुणा करतात. त्यांना तरी काय बोलू? जास्त लिहिलं म्हणून कुणी जाब विचारत नाही. नाही लिहिलं आणि काही झालं, तर फाइल उघडली जाते. त्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही, बंड्या. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

म्हणून नवा फॉर्म केलाय: वर प्रश्न, खाली टेस्ट, आणि प्रत्येक टेस्टपुढे "का?" अशी रिकामी ओळ. मसुदा सोबत आहे. कोणता कागद नसेल तर तू सुरी हातात घेणार नाहीस, तेवढं लाल पेनानं लिही. सोमवारी विभागात मांडायचाय.

चिनूचं लग्न ठरल्याचं पक्याकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा