सुरमईच्या नावाखाली बासा : अलिबाग सहलीबद्दल तक्रार

दि. 5 फेब्रुवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
दादर कार्यालय, मुंबई

विषय : रविवार, दि. 1 फेब्रुवारीच्या 'अलिबाग – ताज्या मासळीचं जेवण' या एकदिवसीय सहलीत झालेली फसवणूक

महोदय,

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंतचा रो-रो बोटीचा प्रवास आणि पुढची बस याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार जेवणाची आहे, आणि तुमची सहल विकली जाते ती जेवणाच्याच नावावर.

जाहिरातीत 'सुरमई थाळी' असं ठळक छापलंय. सुरमईची तुकडी गोल असते, मधोमध मणक्याचं हाड आणि कडेला चकचकीत कातडी. आमच्या ताटात आली ती लांबट, पांढरीफेक पट्टी. ना काटा, ना कातडी. रव्याचं कवच बाजूला केलं तर आत पाणी सुटलेला लगदा, आणि मासळीचा वास औषधालाही नाही. माझ्या सासूबाई मालवणच्या. पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "ही सुरमय न्हय गो. हिका काटो खंय असा?" तो बासा होता. तळ्यात वाढवलेला, गोड्या पाण्यातला मासा. तो खायला मुंबईकराने खाडी ओलांडून अलिबागला कशाला जायचं? आमच्या नाक्यावरच्या हॉटेलातही मिळतो.

तुमच्या प्रतिनिधीला विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, ही बोनलेस सुरमई आहे." सोमवारी फोन केला, तेव्हा दुसऱ्या कोणी सांगितलं की त्या दिवशी सुरमई मिळालीच नव्हती. दोन्हींपैकी खरं काय, ते लेखी कळवा. मासेमारीची बंदी जून-जुलैत असते, फेब्रुवारीत नाही. सुरमई महाग आहे हे आम्हालाही कळतं, दर रविवारी बाजारात आम्हीच जातो. नसती मिळाली तर तसं सांगून बांगडा वाढायचा होता, आनंदाने खाल्ला असता. बोंबील ताजे आणि कुरकुरीत होते, हे कबूल करते. तांदळाच्या भाकरीऐवजी चपात्या आल्या आणि सोलकढी फक्त रंगाने सोलकढी होती, पण त्यावर मी भांडत बसत नाही.

आणखी एक. कार्यक्रमात दुपारी बारा वाजता 'कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाणे' असं लिहिलं होतं. हा किल्ला अलिबागच्या समुद्रात आहे, चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा हिशोब कोळीवाड्यातलं शाळकरी पोरही करतं. पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. बाराला किल्ला चहूबाजूंनी पाण्यात होता आणि पन्नासएक माणसं किनाऱ्यावर उन्हात ताटकळत होती. कार्यक्रम छापण्याआधी कालनिर्णय उघडायला काय हरकत होती?

आता पैशांचं. शाकाहारी प्रवाशांना तुम्ही माणशी 600 रुपये कमी लावता. म्हणजे मासळीची किंमत तुम्हीच ठरवून ठेवली आहे. आम्ही चौघांनी ती भरली आणि जी मासळी सांगितली होती ती मिळाली नाही, तेव्हा 2,400 रुपये परत करावेत. पुढच्या खेपेचं कूपन नको. तुमच्या कार्यालयातून ते कालच सुचवण्यात आलं. शिवाय बासाच वाढायचा असेल, तर जाहिरातीतून 'सुरमई' हा शब्द काढा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ताटाचे फोटो त्याच वेळी काढून ठेवले आहेत.

कळावे,
आपली एक ग्राहक
(बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)

सोबत : पावतीची प्रत, जाहिरातीचं पान, ताटाचे फोटो