फ्रिजमधल्या ‘आधी संपवा’ ट्रेबद्दल काकूंचे आभार

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे दूध-दही टाकून द्यायची वेळ आता क्वचितच येते. हे श्रेय तुमचं, आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटलं.

तुम्ही आलात तेव्हा आधी कशालाच हात लावला नाहीत. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर राहू दिलात. सकाळी आकडा ४ अंश सेल्सिअसच्या वर दिसला, तेव्हा म्हणालात, “आधी हे खाली आणा, मांडणीचं मग बघू.” थंडावाच कमी पडत असेल तर नीटनेटक्या कप्प्यांचा काय उपयोग!

मग दारातलं दूध खालच्या कप्प्यात, अगदी मागे गेलं. दार उघडलं की बाहेरची गरम हवा पहिल्यांदा दारातल्या वस्तूंनाच लागते, हे तुम्ही मुलांना समजावून सांगितलंत. नुसता हुकूम सोडला असता तर त्यांनी तो मानला नसता.

पण मला सगळ्यात आवडला तो ट्रे. नजरेच्या उंचीवर, उथळ, ‘आधी संपवा’ अशी चिठ्ठी लावलेला. फोडलेलं पाकीट, अर्धं राहिलेलं दही, चीजचा उरलेला तुकडा, सगळं त्यातच. झाकणावर फोडल्याची तारीख, कारण छापलेली तारीख बंद पाकिटापुरतीच खरी. काय कधी फोडलं हे लक्षात ठेवायचं काम घरात एकाच बाईच्या डोक्यावर असतं, काकू. तुम्ही ते उतरवलंत. आता ज्याला भूक लागते तो आधी ट्रेमध्ये बघतो.

दह्यावर पाणी सुटलं म्हणजे ते बिघडलं असं नाही, ढवळून खुशाल खा, हेही तुमच्याकडूनच कळलं. कडक चीजला बुरशी दिसली तर भोवतालचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं वापरायचं. मऊ चीज मात्र सगळंच टाकायचं. “वाचवायचं म्हणून काहीही पोटात ढकलू नका,” हे तुम्ही ठासून सांगितलंत, ते फार बरं केलंत.

परवा बाहेरगावी निघताना उरलेलं चीज किसून आणि लोणी घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकलं. दूध गोठवताना बाटलीत वर जागा सोडली, कारण गोठल्यावर ते फुगतं. परत आल्यावर सगळं कामी आलं.

मनापासून धन्यवाद, काकू. पुढच्या वेळी याल तेव्हा भाज्यांच्या कप्प्याकडेही जरा बघाल का?

तुमची,
शेजारीण